पक्ष्याचं फुप्फुस, सहा डबे आणि तांब्याची नळी : कामाच्या नोंदी

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार

आजपासून काम सुरू. काय बनवायचंय ते आधी सांगतो.

मी रबाळे एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. वीसेक वर्षं हीट एक्स्चेंजर (नळीच्या भिंतीतून गरम पाण्याची उष्णता गार पाण्याला देणारं यंत्र) उघडायचे, नळ्या साफ करायच्या, गॅस्केट बदलून परत बसवायचे, हेच काम. मेहुण्याची मुरबाडजवळ ब्रॉयलर कोंबड्यांची शेड आहे. गेल्या जानेवारीच्या थंडीत त्याची बरीच पाखरं गेली, तीही वजनाला सगळ्यात चांगली भरलेली. पोट फुगलेलं, तुरा काळानिळा, आणि कापून पाहिलं तर पोटात पिवळसर पाणी. पोल्ट्रीवाले म्हणतात, ‘पाणी झालं’. पशुवैद्यक डॉक्टरांनी त्याला सांगितलं, “पाणी पोटात दिसतं, पण सुरुवात फुप्फुसात होते. रक्त जास्त आणि वाट तेवढीच.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना, कारण आमच्या प्लॅंटमध्ये हेच होतं. एक्स्चेंजरच्या नळ्या ठरलेल्या, त्यातून दुप्पट पाणी ढकललं की दाब चढतो आणि पाणी नीट तापायच्या आत बाहेर पडतं. कोंबडीच्या फुप्फुसात खरंच असंच होत असेल तर ते डोळ्यांनी दाखवता यायला हवं.

भाची ठाण्यात नववीत आहे. २० डिसेंबरला तिच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. तिला विचारलं तर म्हणाली, “मामा, ज्वालामुखी सोडून काहीही चालेल.” ठरलं.

कल्पना अशी. प्राणवायू मोजायची साधनं आपल्याकडे नाहीत, पण तापमान मोजता येतं. म्हणून गरम पाणी म्हणजे हवा, गार पाणी म्हणजे रक्त, आणि उष्णता म्हणजे प्राणवायू. पक्ष्याच्या फुप्फुसात हवा बारीक समांतर नळ्यांतून एकाच दिशेने वाहते, श्वास घेतानाही आणि सोडतानाही. रक्त मात्र त्या नळीच्या लांबीभर ठिकठिकाणी आडवं येतं, प्रत्येक ठिकाणी थोडा प्राणवायू उचलतं, आणि मग सगळं एकत्र होऊन हृदयाकडे जातं. एक्स्चेंजरच्या भाषेत सांगायचं तर क्रॉस फ्लो. हे सहा टप्प्यांत करायचं: गरम पाणी सहा डब्यांतून ओळीने, आणि प्रत्येक डब्यात बुडलेली गार पाण्याची वेगळी तांब्याची नळी.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी कळव्याच्या चिकनवाल्याकडे गेलो. “फुप्फुसासकट पाठीचा पिंजरा दे” म्हटल्यावर त्याने दोनदा विचारून खात्री केली. पैसे घेतले नाहीत.

घरी ताटात ठेवून भाचीसोबत पाहिलं. हे करून बघाच, अर्धं काम इथेच समजतं. फुप्फुसं गुलाबी, चपटी, बोटाच्या दोन पेरांएवढी, आणि पाठीच्या बरगड्यांत अशी रुतलेली की चमच्याच्या दांड्याने उकरून काढावी लागली. काढल्यावर त्यांच्या पाठीवर बरगड्यांच्या खाचा स्पष्ट. दाबून सोडली तर स्पंजासारखी, पण बकऱ्याच्या फुप्फुसासारखी मऊ-ढिली नाहीत. फुगायचं काम त्यांचं नाहीच. ते वायुकोशांचं, पातळ पिशव्यांचं. पक्ष्यात साधारण नऊ असतात. त्या भात्यासारख्या हलतात आणि हवा फुप्फुसातून ढकलतात. फुप्फुस जागचं हलत नाही.

भाचीने विचारलं, “हललंच नाही तर जास्त रक्त आल्यावर ते मोठं कसं होणार?” नेमका हाच प्रश्न आहे. वहीच्या पहिल्या पानावर तिच्याच अक्षरात लिहून घेतला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

खरेदी. जांभळी नाक्यावरून लिटरभराचे सहा स्टीलचे डबे. एसीच्या कामाची पाव इंची तांब्याची नळी पाच मीटर. टाकीला लावतात ते पितळी निपल बारा. संध्याकाळी ट्रेनने लॅमिंग्टन रोडला जाऊन तापमानाचे दहा सेन्सर (डीएस१८बी२०, वॉटरप्रूफ वायरवाले), त्यांचे आकडे वाचणारा एक बोर्ड आणि गरम पाण्याच्या टाकीचं तापमान धरून ठेवणारा कंट्रोलर.

प्लास्टिकचा पाइप न घेता डबे का घेतले ते सांगतो. साधा पीव्हीसी पाइप साठ अंशांच्या पाण्यात मऊ पडतो. प्लॅंटमध्ये हे खूपदा पाहिलंय. स्टीलला ती भीती नाही, आणि झाकण उघडून पोरांना आत दाखवता येतं.

रात्री प्लायवूडची सहा पायऱ्यांची मांडणी करून घेतली. प्रत्येक डबा आधीच्यापेक्षा दोन इंच खाली, म्हणजे गरम पाणी आपोआप एकातून दुसऱ्यात उतरेल आणि पंप लागणार नाही. सुताराचे आणि प्लायवूडचे मिळून ६५० रुपये.

१६ नोव्हेंबर, रविवार

वेटोळी वळवली. प्रत्येक डब्यात साठ सेंटिमीटर नळी बुडलेली राहील असं वेटोळं, वर दोन टोकं झाकणातून बाहेर. अशाने डब्याला पाण्याखाली नळीसाठी भोक पाडावं लागत नाही. गळतीचा अर्धा त्रास इथेच टळला.

पहिली दोन वेटोळी हाताने वळवली आणि दोन्ही चिमटली. फुंकर मारली तर हवा जेमतेम जात होती. मोठे पाइप आम्ही बेंडिंग मशीनवर वळवतो, एवढी बारीक नळी हाताने वळेल असा माझा समज होता. मग नळीत बारीक मीठ ठासून भरलं, दोन्ही टोकं टेपने बंद केली आणि बाटलीभोवती सावकाश वळवली. एकही चिमटली नाही. नंतर नळाखाली धरलं की मीठ विरघळून जातं. वाळू वापरली तर कण आत अडकून राहतात, म्हणून मीठच. वाया गेलेल्या दोनांसाठी आणखी दोन मीटर नळी आणावी लागली, ३८० रुपये.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पायऱ्या मोडल्या. चूक माझी आणि ती आधीच लक्षात यायला हवी होती.

झालं असं. शुक्रवारी रात्री भाची म्हणाली की तिच्या बाईंनी सांगितलंय, पक्ष्यात हवा आणि रक्त समोरासमोर उलट दिशेने वाहतं, माशाच्या कल्ल्यांसारखं. हा समज पूर्वी बऱ्याच जणांचा होता. तो तपासला शाइड आणि पीपर या जर्मनीतल्या दोन शास्त्रज्ञांनी, १९७२ साली, बदकांवर. त्यांनी फुप्फुसातली हवा उलट्या दिशेने वाहवली. रक्त हवेच्या समोरून येत असतं तर दिशा उलटल्यावर देवघेव स्पष्ट घसरायला हवी होती. ती घसरली नाही. म्हणजे रक्त आडवंच येत असणार.

हा प्रयोग आपल्या मॉडेलवर करायलाच हवा असं दोघांनाही वाटलं. पण पायऱ्यांवरून पाणी उलटं चढणार कसं? सहाही डबे एका फळीवर सपाट आणले. निपल मधल्या उंचीवर, समोरासमोर, आणि गरम पाण्यासाठी छोटा पंप. दिशा उलटायची तर दोन टोकांचे पाइप अदलाबदल करायचे, बस. पायऱ्यांचे ६५० रुपये आणि त्यांचा वेळ वाया गेला. करणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून सपाट मांडणी करावी.

२३ नोव्हेंबर, रविवार

पहिल्यांदा पाणी सोडलं. दोन निपल गळत होते. रबराचा वॉशर आतून आणि बाहेरून दोन्हीकडे टाकल्यावर थांबले.

मग डब्यात वर आणि खाली सेन्सर धरून बघितलं तर पाच अंशांचा फरक. गरम पाणी वरच्या वर तरंगत पुढच्या डब्यात जात होतं आणि वेटोळ्याचा खालचा भाग गारच. खेळण्यातल्या पाच व्होल्टच्या सहा मोटारी झाकणांत बसवून, त्यांना प्लास्टिकची पाती लावून डबे ढवळत ठेवले. फरक अर्ध्या अंशाच्या आत आला.

रक्ताची बाजू जास्त अवघड निघाली. वर टाकी, तिच्यातून सहा नळ्या, आणि प्रत्येकीला सलाईनच्या सेटचं चाक लावून मिनिटाला तीस मिली असा प्रवाह जमवला. मोजपात्र आणि मोबाइलचं घड्याळ घेऊन तासभर बसलो. सहाही सारखे झाले म्हणून चहा घ्यायला गेलो, येऊन परत मोजलं तर चोवीस, सव्वीस, एकोणतीस, बावीस. चाकाखाली दबलेली मऊ नळी हळूहळू बसत जाते आणि प्रवाह आपोआप कमी होतो. दुपारभर मागे लागलो, जमलं नाही. वरून टाकीतही घोळ: गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी एकतीस अंशांवर होतं आणि संध्याकाळी अठ्ठावीसवर आलं. रक्तच दर तासाला वेगळं असेल तर आकड्यांना काय अर्थ? यापुढे आदल्या रात्री घरात भरून ठेवलेलंच पाणी वापरायचं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आज असं काही झालं की दोन तास आम्ही आनंदात होतो.

गरम पाणी साठ अंशांवर आत, गार सव्वीसवर आत, दोन्हीकडे मिनिटाला साधारण १८० मिली. पंधरा मिनिटं स्थिर होऊ दिलं. शेवटच्या डब्यातून बाहेर पडणारं गरम पाणी ३७.९, आणि सहा नळ्यांचं एकत्र झालेलं ‘रक्त’ ४२.१. म्हणजे रक्त बाहेर पडणाऱ्या हवेपेक्षा चार अंशांनी जास्त. पक्ष्याच्या फुप्फुसाची ही खरी ओळख आहे: परत जाणाऱ्या रक्तातला प्राणवायूचा दाब, सोडलेल्या हवेतल्या दाबापेक्षा जास्त असू शकतो. माणसाच्या फुप्फुसात हे होत नाही. ताईने पेढे काढले.

मग मी हिशेब मांडला, सवयीने. गरम पाण्याचे बावीस अंश उतरले, गार पाण्याचे सोळाच चढले. प्रवाह दोन्हीकडे सारखा. मग मधले सहा अंश गेले कुठे? रक्ताचा प्रवाह बंद केला, फक्त गरम पाणी फिरवलं. साठला आत, चौपन्नला बाहेर. काहीही न देता. डबे उघड्यावर होते आणि उष्णता खोलीत चालली होती. ‘हवा’ शेवटी एवढी गार झाली ती रक्ताने उष्णता घेतली म्हणून नव्हे. आमच्या चार अंशांतला मोठा भाग खोटा होता.

भाची गप्प झाली. मग म्हणाली, “म्हणजे खऱ्या कोंबडीची हवा फुप्फुसातून जाताना प्राणवायू कुठेतरी गळतोय, असं झालं हे.” अगदी बरोबर. मॉडेल करणाऱ्या प्रत्येकाने ही तपासणी आकडा लिहून घेण्याआधी करावी: रक्त बंद ठेवून हवा फिरवा, आत-बाहेर किती फरक पडतो ते बघा.

३० नोव्हेंबर, रविवार

लॅगिंगचा, म्हणजे उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून आवरण घालायचा दिवस. एसीच्या पाइपवर घालतात तो काळा रबरी फोम, ४२० रुपयांचा, सहाही डब्यांना, झाकणांना, मधल्या पाइपांना. भेगा टेपने बंद. परत रक्त बंद ठेवून तपासलं: साठला आत, ५८.९ला बाहेर. हे चालेल.

सेन्सरही तपासले, जे खरं तर पहिल्या दिवशी करायला हवं होतं. दहाही सेन्सर एकाच पातेल्यात, एकदा बर्फाच्या पाण्यात आणि एकदा पंचेचाळीसच्या आसपास. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा यांत ०.८ अंश फरक. आम्ही दोन अंशांच्या फरकावर भांडणार असू तर ०.८ सोडून चालत नाही. प्रत्येकाची दुरुस्ती टेपवर लिहून वायरला चिकटवली.

६ डिसेंबर, शनिवार

सलाईनची चाकं काढून टाकली. मेडिकलमधून बारीक भोकाच्या एक्स्टेन्शन लाइन आणल्या, सहा सारख्या लांबीच्या, प्रत्येक वेटोळ्याच्या तोंडाशी एक. वर गार पाण्याची टाकी, तिला कडेला सांडवा, म्हणजे पातळी हलत नाही. अशा बारीक नळीत प्रवाह टाकीच्या उंचीच्या प्रमाणात राहतो. टाकी एक फुटावर: प्रत्येक नळीला पंधरा मिली. दोन फुटांवर: तीस. चार फुटांवर: सत्तावन्न, कारण वेग वाढला की तोंडाशी थोडा दाब वाया जातो. दोन तास चालवून परत मोजलं, आकडे जागेवर. टाकीची उंची म्हणजे हृदयाचा दाब. भाचीने टाकीवर लाल कागदाचं हृदय चिकटवलं.

गरम पाणी तिन्ही वेळा साठ अंशांवर, मिनिटाला १८० मिली. गार सव्वीसवर. दुरुस्ती करून आलेले आकडे असे.

रक्त नेहमीचं (नळीमागे तीस): हवा बाहेर ४१.६, रक्त बाहेर ४३.७. दोन अंशांचा फरक, पण हा खरा. गरम पाण्याने गमावलेले १८.४ आणि गार पाण्याने कमावलेले १७.७, हिशेब जुळतो.

रक्त अर्धं (पंधरा): हवा बाहेर ४६.७, रक्त बाहेर ५०.८.

रक्त जवळजवळ दुप्पट (सत्तावन्न): हवा बाहेर ३८.२, रक्त बाहेर ३७.२. रक्त हवेच्या खाली गेलं!

शेवटच्या ओळीपाशी मी बराच वेळ थांबलो. फुप्फुस तेच, डबे तेच, नळ्या त्याच. फक्त रक्त घाईने गेलं, आणि पक्ष्याचं ते प्रसिद्ध वैशिष्ट्य नाहीसं झालं.

एकूण किती उष्णता उचलली गेली तेही काढलं, कारण शरीराला शेवटी तेच हवं असतं. मिनिटाला अर्ध्या प्रवाहात साधारण २,२३० कॅलरी, नेहमीच्यात ३,१९०, दुपटीच्या जवळ ३,८३०. म्हणजे रक्त फार सावकाश गेलं तर प्रत्येक थेंब भरून येतो, पण थेंबच कमी. रक्त दुप्पट ढकललं तर मिळकत फक्त पाचव्या हिश्शाने वाढते. हृदयाने दुप्पट दाब लावायचा आणि हातात एवढंच यायचं.

एक-एक नळी वेगळी मोजली, तीस मिलीच्या वेळी: पहिल्या डब्यातून ४९.९, मग ४७.०, ४४.४, ४२.१, ४०.२, आणि सहाव्यातून ३८.४. पहिल्या नळीला ताजी हवा मिळते, शेवटचीला उरलीसुरली. एकत्र केल्यावर ४३.७. पहिल्या काही नळ्या एवढं घेऊन येतात की शेवटच्यांची कमी भरून निघते. रक्त हवेच्या वर जातं ते यामुळे.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. पाण्याची उष्णता आणि रक्तातला प्राणवायू एकसारखे वागत नाहीत. पाणी जितकं तापेल तितकी उष्णता सरळ वाढते. रक्तात मात्र हिमोग्लोबिन जवळजवळ भरलं की पुढे दाब वाढूनही फार थोडा प्राणवायू जास्त मावतो. म्हणून आपलं तापमान प्राणवायूच्या दाबाच्या जागी धरायचं, साठ्याच्या जागी नाही. प्रदर्शनाच्या तक्त्यावर हे मोठ्या अक्षरात लिहिलंय.

७ डिसेंबर, रविवार

गरम पाण्याचे पाइप अदलाबदल केले. आता हवा सहाव्या डब्यातून आत, पहिल्यातून बाहेर. नळ्यांचे आकडे बरोबर उलटे झाले, सहावी सगळ्यात गरम, पहिली सगळ्यात गार. एकत्र रक्त ४३.६. काल ४३.७ होतं. बदकांचा प्रयोग ठाण्यातल्या स्वयंपाकघरात झाला. भाची सोमवारी बाईंना दाखवणार आहे. बाई मोकळ्या मनाच्या आहेत, त्यांना आवडेल.

मग माणसाचं फुप्फुस. सहाही वेटोळी एका मोठ्या बादलीत, तेच प्रवाह, तेवढंच ढवळणं, बादलीलाही लॅगिंग. आपल्या वायुपुटिकांत (फुप्फुसातल्या बारीक फुग्यांत) हवा मिसळलेली असते, सगळ्या रक्ताला तीच मिळते. बाहेर हवा ४४.४, रक्त ४०.७. तांबं तेच, पाणी तेवढंच, नुसती मांडणी बदलली आणि रक्ताचे तीन अंश कमी झाले.

दुपारी भाचीला घेऊन ऐरोलीच्या खाडीकाठी गेलो. भरतीची वेळ होती, पाणी चढलेलं, रोहित पक्षी (फ्लेमिंगो) दिसले नाहीत. पाणी उतरल्यावर चिखल उघडा पडतो तेव्हा यायला हवं होतं. एका बगळ्यालाच बराच वेळ बघत बसलो. त्याची छाती फारशी हलत नव्हती.

१३ डिसेंबर, शनिवार

ज्यासाठी एवढं केलं ती चाचणी आज.

१९८५ साली बदकांवर एक प्रयोग झाला होता. एका फुप्फुसाकडे जाणारी धमनी बंद केली, म्हणजे हृदयाचं सगळं रक्त दुसऱ्या फुप्फुसातून जाऊ लागलं. कुत्र्या-माणसाच्या फुप्फुसात असं झालं तर मिटलेल्या केशवाहिन्या उघडतात, उघड्या असलेल्या ताणून रुंद होतात, आणि अडथळा कमी होतो. बदकात अडथळा कमी झाला नाही, दाब वाढला. पक्ष्याच्या केशवाहिन्या हवेच्या अतिसूक्ष्म नळ्यांच्या जाळ्यात चहूबाजूंनी आवळलेल्या असतात. त्या आधारामुळेच रक्त आणि हवेमधला पडदा इतका पातळ राहू शकतो. पण त्याच आधारामुळे त्या ताणतही नाहीत. आमची तांब्याची नळी इथे अगदी योग्य ठरली, तीही ताणत नाही.

आम्ही तीन नळ्या चिमटा लावून बंद केल्या. उरलेल्या तिघींतून पूर्वीएवढंच रक्त पाठवायचं तर टाकी दोन फुटांवरून चार फुटांवर न्यावी लागली, तेव्हा कुठे मिनिटाला १७१ मिली आलं. दाब दुप्पट. आणि बाहेर येणारं रक्त ३९.९. आधी ४३.७ होतं. हवा ४६.०ला बाहेर, म्हणजे उष्णता हवेत शिल्लक होती, पण रक्ताला ती घ्यायला वेळच मिळाला नाही.

मेहुणा आज मुद्दाम आला होता. त्याला टाकी स्वतः वर उचलायला लावली. म्हणाला, “दाजी, म्हणजे पाखराचं अंग मोठं झालं, पण फुप्फुस एवढंच?” हो. ब्रॉयलर सहा आठवड्यांत जे अंग धरतं त्याला लागणारं रक्त फुप्फुसाच्या वाटेपेक्षा जास्त होतं. थंडीत अंग गरम ठेवायला प्राणवायू जास्त लागतो, हृदय आणखी जोर करतं. रक्त घाईने जातं म्हणून अर्धवट भरून येतं, प्राणवायू कमी पडतो म्हणून हृदय अजून जोर करतं. हृदयाची उजवी बाजू जाड होते, मोठी होते. पक्ष्यात उजवीकडची झडप स्नायूचीच असते, तीही जाडावते आणि नीट मिटेनाशी होते. दाब मागे यकृतावर येतो आणि तिथून पाणी पोटात झिरपतं.

त्याने विचारलं, उपाय काय. उपाय सांगणं माझं काम नाही, डॉक्टरांनी सांगितलेलंच मी परत सांगितलं: पहिल्या काही आठवड्यांत खाद्य आणि उजेडाचे तास आवरून वाढ जरा सावकाश होऊ द्यायची, शेडमध्ये थंडी पडू द्यायची नाही, पण त्यासाठी पडदे इतकेही बंद करायचे नाहीत की अमोनिया साचेल. तो म्हणाला की गेल्या वर्षी त्याने नेमके पडदे गच्च बांधले होते आणि रात्रभर दिवे ठेवून खाऊ घातलं होतं. बराच वेळ तो टाकीकडे बघत बसला.

२० डिसेंबर, शनिवार

प्रदर्शन. शाळेत पोचल्यावर पहिली अडचण: वर्गात अर्थिंगची पिन नव्हती. पाण्यात हीटरचा रॉड आणि भोवती मुलं, अर्थिंगशिवाय मी चालू करणार नव्हतो. शिपाईकाकांनी प्रयोगशाळेतून अर्थिंगवाला बोर्ड ओढून दिला, तासभर गेला. रॉड असलेली टाकी टेबलाच्या मागे, झाकून, आणि हात पोचणार नाही अशी ठेवा. हे करणाऱ्यांनी विसरू नये.

भाचीने दिवसभर तीनच गोष्टी केल्या: टाकी वर-खाली, पाइप उलटे, तीन चिमटे. मुलांना आकड्यांपेक्षा सहा नळ्यांच्या टोकांना बोट लावून बघणं जास्त आवडलं. पहिली कोमट-गरम, सहावी जेमतेम कोमट, आणि एकत्र पाण्याचा ग्लास मधला. एका छोट्या मुलाने विचारलं, “मग उडताना पक्ष्याचं रक्त जोरात जात नाही का?” भाचीने सांगितलं की जातं, पण उडणाऱ्या पक्ष्याचं फुप्फुस आणि हृदय त्या बेताचंच वाढलेलं असतं. पट्टकादंब पक्षी (बार-हेडेड गूज) हिमालय ओलांडतो, त्याचं हिमोग्लोबिन प्राणवायू जास्त घट्ट पकडतं. मांसासाठी वाढवलेल्या कोंबडीचं अंग माणसाने निवडत नेलं, फुप्फुस मागे राहिलं. मी तिला हे उत्तर शिकवलेलं नव्हतं.

२१ डिसेंबर, रविवार

खर्च. डबे ८४०, तांब्याची नळी आधी ९५० आणि नंतर ३८०, निपल ५४०, मोटारी २१०, सेन्सर १,३००, बोर्ड ३५०, कंट्रोलर ४५०, पंप २८०, एक्स्टेन्शन लाइन ३६०, सलाईनचे सेट १५०, पायऱ्या ६५०, लॅगिंग ४२०, गरम पाण्याचे पाइप ३००. एकूण ७,१८० रुपये. रॉड, बादली आणि बोहाऱ्याकडची जुनी टाकी घरातलीच. यात पायऱ्या, सलाईनचे सेट आणि चिमटलेल्या नळीचे मिळून १,१८० वाया. वेळ दोघांचा मिळून पन्नासेक तास, त्यातले पंधरा तरी पायऱ्या आणि सलाईनच्या चाकांत गेले.

अजून एक करायचं राहिलं: तांब्याच्या तीन नळ्यांच्या जागी ताणणाऱ्या मऊ रबरी नळ्या लावून, दाब वाढला की त्या रुंद होतात आणि प्रवाह कसा वाढतो ते दाखवायचं. पण रबरातून उष्णता जात नाही तशी, त्यामुळे फक्त दाब आणि प्रवाह मोजता येईल. उन्हाळ्याच्या सुट्टीत बघू.

डबे आज मेहुणा गाडीत घालून मुरबाडला घेऊन गेला. शेजारच्या तीन शेडवाल्यांना दाखवायचेत म्हणाला. रबरी फोम सैल सुटला तर परत टेप लाव आणि रॉड अर्थिंगवरच लाव, एवढं त्याला दोनदा सांगितलं. टाकीवरचं लाल हृदय भाचीने काढू दिलं नाही, ते तसंच गेलं.